सेलेनाचं १९९५

यूट्यूबवर ‘सेलेना अ‍ॅस्ट्रोडोम’ असं शोधलंत तर तो व्हिडिओ लगेच सापडेल. चित्र जुनं, जरा धुरकट. एक मुलगी घोडागाडीतून भल्यामोठ्या गोल स्टेडियमला चक्कर मारते, लोकांना हात करते. मग स्टेजवर चढते. अंगात जांभळा, चमचमता सूट, तोही तिनंच डिझाइन केलेला. सुरुवात होते सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन डिस्को गाण्यांच्या मेडलीनं. इंग्रजी अगदी खणखणीत, तिथंच जन्मलेल्या माणसाचं. मेडली संपते, ठेका बदलतो आणि तीच मुलगी स्पॅनिशमध्ये शिरते. स्टेडियममधली माणसं वेडी होतात ती तेव्हा.

तारीख होती २६ फेब्रुवारी १९९५. ठिकाण टेक्सासमधलं ह्यूस्टन. कार्यक्रम ‘लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ’चा, म्हणजे आपल्या भाषेत जनावरांचं प्रदर्शन आणि त्याला जोडून जत्रा. गर्दी ६१ हजारांच्या वर. या कार्यक्रमाला अनेक जण तिचा शेवटचा कार्यक्रम म्हणतात. ते खरं नाही, त्यानंतर मार्चमध्ये ती मायामीत आणि शिकागोत गायली. टीव्हीवरून दाखवलेला शेवटचा मोठा कार्यक्रम मात्र हाच. ३३ दिवसांनी तिचा खून झाला. चोविसाव्या वाढदिवसाला १६ दिवस उरले होते.

सेलेना क्विंतानियाबद्दल इंटरनेटवर जे काही सापडतं, त्यातलं निम्मं त्या खुनाबद्दल असतं. कोणी केला, का केला, मोटेलची खोली कुठली. या लेखात ते एका परिच्छेदात उरकणार आहे. मला रस आहे तो १९९५ या वर्षात. लॅटिन पॉप जगभर गेलं ते १९९९ मध्ये, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या वर्षी रिकी मार्टिन ग्रॅमीच्या स्टेजवर नाचला आणि अमेरिकन मासिकांनी ‘लॅटिन स्फोट’ झाल्याचं जाहीर केलं. मला हे मान्य नाही. जे व्हायचं ते चार वर्षं आधी झालं होतं आणि त्याची किंमत एका मुलीनं मोजली होती. शिवाय १९९९ च्या गोष्टीत जे जमून आल्यासारखं वाटतं, ते किती वेडंवाकडं होतं हे १९९५ मध्ये स्पष्ट दिसतं.

*

आधी थोडं मागं जावं लागेल, कारण सेलेना जे गात होती त्याला ‘मेक्सिकन’ म्हटलं की टेक्सासमधली माणसं चिडतात.

टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोत होतं. मग ते वेगळं झालं आणि १८४५ मध्ये अमेरिकेत गेलं. तिथं राहणारी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं कुठंच गेली नव्हती. सीमाच त्यांच्या घरावरून पलीकडे सरकली. या माणसांना ‘तेहानो’ म्हणतात. त्याच सुमारास जर्मन आणि चेक शेतकरी टेक्सासमध्ये येऊन स्थायिक होत होते. त्यांनी सोबत पोल्का नाच आणला आणि नवंकोरं अ‍ॅकॉर्डियन आणलं. शेजारच्या तेहानो मजुरांनी ते वाद्य उचललं, त्याला ‘बाहो सेक्स्तो’ नावाची बारा तारांची जाडजूड गिटार जोडली आणि स्पॅनिश गाणी पोल्काच्या ठेक्यावर चढवली.

इथं एक आडवळण घेतो. अ‍ॅकॉर्डियन आणि आपली पेटी ही सख्खी नाहीत, पण चुलत भावंडं नक्की आहेत. दोघांतही भात्याची हवा धातूच्या पातळ पट्टीवरून जाते आणि सूर निघतो. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची देणगी. एक शाखा शेतकऱ्यांसोबत टेक्सासला गेली, दुसरी गोऱ्या साहेबांसोबत हिंदुस्थानात आली आणि संगीत नाटकापासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडे जाऊन बसली. पेटी परदेशी आहे हे आज पंढरीच्या वाटेवर कोणाला सांगून बघा. दक्षिण टेक्सासमध्ये अ‍ॅकॉर्डियनबद्दल तेच म्हणता येईल.

या संगीतातला पहिला मोठा अ‍ॅकॉर्डियनवादक नार्सिसो मार्तीनेस, १९३०च्या दशकातला. त्याच दशकात, १९३४ मध्ये, लिडिया मेंदोसा ही तरुण पोरगी सॅन अँटोनिओत बारा तारांच्या गिटारीवर एकटीनं गाणं रेकॉर्ड करत होती. म्हणजे बायका सुरुवातीपासून होत्या. पण डान्स हॉलचे मालक, बँडचे म्होरके, रेडिओवाले सगळे पुरुष. ऐंशीच्या दशकात लॉरा कनालेसनं जागा मिळवली तरी ती अपवादच मानली गेली. सेलेनाच्या वडलांना अनेक ठिकाणी सरळ सांगण्यात आलं की मुलगी पुढं असलेला बँड चालत नाही.

वडलांचं नाव आब्राहाम क्विंतानिया. तरुणपणी त्यांचा ‘लोस दिनोस’ नावाचा बँड होता. त्यांची पिढी टेक्सासच्या ज्या शाळांत शिकली, तिथं वर्गात, अगदी मैदानातही स्पॅनिश बोललं तर शिक्षा व्हायची. साहजिकच या मुलांना इंग्रजी गाणी गायची होती आणि बँडनं सुरुवात केलीही तशीच. पण गोऱ्या क्लबांना हे मेक्सिकन चेहरे नको होते आणि तेहानो लोकांना नाचायला स्वतःची गाणी हवी होती. बँड स्पॅनिशकडे वळला. पुढं संसार आला, नोकरी आली, गाणं सुटलं.

सेलेनाचा जन्म १६ एप्रिल १९७१ चा, लेक जॅक्सन या गावातला. घरात इंग्रजी बोललं जायचं. तिला डोना समर आवडायची. वडलांनी पोरीचा गळा ओळखला आणि घरातच बँड उभा केला: मोठा भाऊ ए. बी. बासवर, बहीण सुझेट ड्रम्सवर. मुलीनं ड्रम्स वाजवणं तेव्हा टेक्सासातही नवलाचंच होतं. त्यांनी एक रेस्टॉरंट काढलं, तिथं ही मुलं वाजवायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये तेलाच्या धंद्याला मंदी आली, रेस्टॉरंट बुडालं, घर गेलं. कुटुंब कॉर्पस क्रिस्टीला आलं आणि गाणं हा छंद न राहता पोटापाण्याचा धंदा झाला. लग्नं, जत्रा, रस्त्याचे कोपरे. एक जुनी बस होती, तिला ते ‘बिग बर्था’ म्हणत. सेलेनाची शाळा आठवीतच सुटली, पुढचं शिक्षण तिनं पत्राद्वारे पूर्ण केलं.

धंदा स्पॅनिशमध्ये होता आणि मुलीला स्पॅनिश येत नव्हती. वडलांनी तिला शब्द नुसत्या उच्चारांवरून पाठ करायला लावले. अर्थ नंतर. ज्या भाषेतली गाणी ऐकून लोक रडत होते, ती भाषा गाणाऱ्या मुलीला नीट कळत नव्हती. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या आणि आजीशी अडखळत बोलणाऱ्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. यात लाज असते आणि ओढही असते, दोन्ही एकदम.

*

१९८९ मध्ये ‘ईएमआय लॅटिन’ या कंपनीनं तिला करारबद्ध केलं. त्यासाठी पुढाकार घेतला तो होसे बेहार यांनी. त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून इंग्रजी अल्बम होता. कंपनीला मात्र घाई नव्हती: आधी स्पॅनिशमध्ये किती विकली जाते बघू. ही ‘आधी’ पाच वर्षं चालली.

त्या पाच वर्षांत बहुतेक गाणी भाऊ ए. बी. आणि त्याच्या सोबत्यांनी लिहिली. त्यांनी तेहानोत जे मिसळलं ते महत्त्वाचं आहे. कुंबिया ही मूळ कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची चाल. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती मेक्सिकोत पोचली आणि तिथं रुळली. ए. बी.नं तिच्यात सिंथेसायझर घातले, अमेरिकन आर अँड बी घातलं, थोडं रेगे घातलं. अ‍ॅकॉर्डियनची जागा बरीचशी कीबोर्डनी घेतली. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली असणारच. ‘कोमो ला फ्लोर’ १९९२ चं, ‘बिदी बिदी बोम बोम’ १९९४ चं. दुसऱ्या गाण्याचं नाव म्हणजे हृदयाची धडधड. त्याला अर्थ शोधायला जाऊ नका. त्याच अल्बममध्ये, म्हणजे ‘अमोर प्रोहिबिदो’त, ‘फोतोस इ रेकुएर्दोस’ आहे. ते ‘प्रिटेंडर्स’ या ब्रिटिश-अमेरिकन रॉक बँडच्या गाण्याचं स्पॅनिश रूप. ऐकताना ते उसनं वाटत नाही, हे कौतुकाचं.

मेक्सिकोत शिरणं मात्र अवघड होतं. सीमेपलीकडच्या शहरी मेक्सिकन लोकांना तेहानो म्हणजे धड ना इकडचे धड ना तिकडचे, मोडकं स्पॅनिश बोलणारे गावंढळ वाटत. मॉन्तेर्रेतल्या पत्रकारांसमोर ती पहिल्यांदा गेली तेव्हा कंपनीच्या माणसांच्या पोटात गोळा आला होता. असं सांगतात की तिनं प्रश्नांची वाट न बघता खोलीतल्या एकेकाला मिठी मारली. मग ती जे काही तोडकंमोडकं बोलली ते सगळ्यांनी चालवून घेतलं. तोवर ती स्पॅनिश शिकायलाही लागली होती. पाठ केलेल्या शब्दांना उशिरा का होईना, अर्थ येत होता.

मार्च १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. वर्गवारीचं नाव ‘मेक्सिकन-अमेरिकन अल्बम’. पुढच्या वर्षी, अ‍ॅस्ट्रोडोमच्या कार्यक्रमानंतर तीनच दिवसांनी, १ मार्च १९९५ रोजी तिला त्याच वर्गवारीत पुन्हा नामांकन होतं. ग्रॅमी गेलं व्हिकी कार यांना, जुन्या बोलेरो गायकाच्या आठवणीत केलेल्या अल्बमसाठी. त्याच रात्री लॅटिन पॉपचं ग्रॅमी लुईस मिगेलला मिळालं, तेही जुन्या बोलेरोंच्याच अल्बमसाठी. म्हणजे १९९५ च्या सुरुवातीला पुरस्कार देणाऱ्यांना आवडलेलं लॅटिन संगीत होतं सूट घालून गायलेलं, व्हायोलिनांचं, आजोबांच्या काळातलं. मला लुईस मिगेलचा गळा आवडतो. पण त्या दिवसांत ह्यूस्टनमध्ये काय घडत होतं, याचा पत्ता त्या हॉलमध्ये फार थोड्यांना होता.

*

आता तो परिच्छेद. योलांदा साल्दिवार ही सेलेनाच्या फॅन क्लबची अध्यक्ष होती आणि १९९४ पासून तिची कपड्यांची दुकानं सांभाळायची. मार्च १९९५ मध्ये कुटुंबानं तिच्यावर पैशांच्या अफरातफरीचा आरोप ठेवला. ३१ मार्चच्या सकाळी सेलेना हिशेबाची कागदपत्रं घ्यायला कॉर्पस क्रिस्टीमधल्या एका मोटेलमध्ये तिला भेटायला गेली. तिथं साल्दिवारनं तिला मागून गोळी घातली. दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी डॉक्टरांनी तिला मृत घोषित केलं. खटला ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला चालला, जन्मठेप झाली. २०२५ मध्ये पॅरोलचा अर्ज फेटाळला गेला.

३१ मार्चच्या दुपारी न्यूयॉर्कमधल्या बातम्यांच्या कचेऱ्यांत काय गोंधळ उडाला असेल याचा अंदाज करता येतो. टेक्सासमधून सांगत होते की रस्ते थांबलेत, गाड्यांचे दिवे भरदुपारी लागलेत, रेडिओवर दुसरं काही नाही. आणि संपादक विचारत होते, ही कोण? मग घाईघाईनं एक बिरूद चिकटवलं गेलं: ‘मेक्सिकन मॅडोना’. ती मेक्सिकन नव्हती. मॅडोनासारखीही नव्हती, नवऱ्यासोबत आईवडलांच्या शेजारच्या घरात राहणारी मुलगी होती ती. पण ज्या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही त्याला माहितीतल्या कोणाची तरी लेबलं लावणं ही पत्रकारितेची जुनी सवय आहे.

अंत्यदर्शनाला हजारो माणसं आली. खोटी बातमी आहे, शवपेटीत ती नाहीच, अशी अफवा उठली तेव्हा कुटुंबाला पेटी उघडावी लागली.

‘पीपल’ मासिकाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. त्या आठवड्याच्या मुखपृष्ठावर ‘फ्रेंड्स’ मालिकेतली मंडळी होती. संपादकांनी एक प्रयोग केला: देशभर ‘फ्रेंड्स’, आणि फक्त टेक्सास व आसपासच्या भागात सेलेना. सेलेनाचे अंक आले आणि संपले. मग फक्त तिच्यावर एक वेगळा स्मृतिअंक काढला, तोही हातोहात गेला. असा मान त्याआधी ऑड्री हेपबर्न आणि जॅकलीन ओनासिस यांनाच मिळाला होता. धंदेवाईक माणसांना आकडा दिसला की डोळे उघडतात. पुढच्याच वर्षी ‘पीपल एन एस्पान्योल’ सुरू झालं. ते वाचक आधीही तिथंच होते, किराणा दुकानाच्या त्याच रांगेत उभे.

हा फक्त शोकाचा महिना नव्हता. न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्न यानं अंत्यविधीच्या दिवशी तिची गाणी लावली आणि मागं बंदुकीचे आवाज टाकले, वर लॅटिन लोकांना संगीतातलं काही कळत नाही असं ऐकवलं. हार्लिंजन गावच्या एका न्यायाधीशानं त्याच्या नावे अटकेचं वॉरंट काढलं. दुकानदारांनी त्याच्या जाहिरातदारांचा माल उचलून ठेवायला सुरुवात केली. शेवटी त्यानं मोडक्या स्पॅनिशमध्ये निवेदन वाचून दाखवलं. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश, हो तेच धाकटे, यांनी १६ एप्रिल हा ‘सेलेना दिवस’ जाहीर केला. त्या वर्षी त्या तारखेला ईस्टर आला होता. तिच्या वाढदिवसासाठी आमचा ईस्टर का, अशी पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली.

ही चिडचिड हवेतून आली नव्हती. पाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १८७’ मंजूर केला होता: कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा नाही, दवाखाना नाही. कोर्टानं तो अडवला, पण मत तर दिलं गेलं होतं. मेक्सिकोत डिसेंबरमध्ये पेसो कोसळला होता आणि उत्तरेकडे येणाऱ्यांची संख्या वाढणार हे दिसत होतं. अशा वर्षात हजारो तपकिरी चेहऱ्यांची माणसं स्वतःच्या मुलीसाठी उघड्यावर रडत होती आणि कोणाची परवानगी मागत नव्हती. त्यातल्या अनेकांना, विशेषतः तरुण मुलींना, पहिल्यांदाच कळलं की आपण किती आहोत.

*

किती आहोत, हा प्रश्न संगीताच्या धंद्यातही होता आणि तो अगदी तांत्रिक होता.

१९९१ पर्यंत ‘बिलबोर्ड’ची यादी रेकॉर्डच्या दुकानदारांना फोन करून ‘काय खपतंय?’ असं विचारून बनायची. दुकानदार मनाला येईल ते सांगायचा. त्या वर्षी ‘साउंडस्कॅन’ आलं: काउंटरवर बारकोड वाचला गेला की विक्री थेट मोजली जाणार. यादी एका रात्रीत बदलली. कंट्री आणि रॅप हे किती मोठे आहेत ते तेव्हा उघड झालं. लॅटिन अल्बमसाठी अशी मोजलेली यादी १९९३ मध्ये सुरू झाली. पण तेहानो कॅसेट विकल्या जायच्या त्या छोट्या घरगुती दुकानांत, पिसू बाजारात, डान्स हॉलच्या दारात टेबल मांडून. तिथं कुठला आलाय बारकोडचा स्कॅनर? जे मोजलं जात नव्हतं, ते कंपन्यांच्या दृष्टीनं नव्हतंच.

१८ जुलै १९९५ रोजी ‘ड्रीमिंग ऑफ यू’ बाजारात आला तो मोठ्या साखळी दुकानांत. पहिल्या दिवशी १ लाख ७५ हजार प्रती, पहिल्या आठवड्यात ३ लाख ३१ हजार. ‘बिलबोर्ड २००’ वर थेट पहिला क्रमांक. मुख्यतः स्पॅनिशमधला अल्बम असा पहिल्याच आठवड्यात शिखरावर जाण्याची ही पहिली वेळ.

हाच तो इंग्रजी अल्बम, ज्याची पाच वर्षं वाट बघितली गेली. पण त्यासाठी तिनं चारच इंग्रजी गाणी पूर्ण केली होती. उरलेली जागा भरायला कंपनीनं जुनी स्पॅनिश गाणी नव्यानं सजवून घातली, एका चित्रपटासाठी डेव्हिड बर्नसोबत गायलेलं एक गाणं घातलं आणि मारियाची साजावरची दोन गाणीही. त्यातलं ‘तू सोलो तू’ लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. अल्बम म्हणून हा एकसंध नाही. इंग्रजी बॅलड गुळगुळीत आहेत, त्या काळच्या कुठल्याही पॉप गायिकेला शोभतील अशी. ‘ड्रीमिंग ऑफ यू’ मला आवडतं, पण ते ऐकताना ही सेलेना आहे हे ओळखायला वेळ लागतो. मारियाचीच्या साजावर मात्र दोन ओळींत ओळखता येते. जी भाषा तिनं पाठ करून गायली, तिच्यात ती जास्त स्वतःची होती. याचं कारण मला नीट सांगता येत नाही. कदाचित दहा वर्षांच्या लग्नांच्या सुपाऱ्या हे असेल.

आणि हेही लक्षात घ्या की हा ‘क्रॉसओव्हर’ ठरला तो ठरल्याप्रमाणे नव्हे. योजना होती की ती स्पॅनिश मागं ठेवून पलीकडे जाईल. प्रत्यक्षात स्पॅनिश गाणीही तिच्यासोबत ओढली गेली, कारण इंग्रजी गाणी पुरेशी नव्हती.

*

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तीन गोष्टी झाल्या, तेव्हा कोणाला फारशा जोडलेल्या न वाटणाऱ्या.

ऑक्टोबरमध्ये कोलंबियात ‘पिएस देस्काल्सोस’ नावाचा अल्बम आला. गाणारी १८ वर्षांची, बारान्कियाची, आधीचे दोन अल्बम आपटलेले. शकिरा. तिचं गाव त्याच किनाऱ्यावरचं, जिथून कुंबिया निघाली होती. पण ती गात होती गिटारचं रॉक, आणि शब्द स्वतः लिहीत होती. वर्षअखेरीस एन्रीके इग्लेसियासचा पहिला अल्बम आला. त्यानं डेमो वडलांचं आडनाव लपवून, मार्तीनेस या नावानं फिरवले होते, आणि करार केला तो मेक्सिकन कंपनीशी. या दोघांनी आधी स्पॅनिशमध्ये लाखोंनी विक्री केली आणि इंग्रजीकडे काही वर्षांनी वळले. कंपन्यांना आता ‘आधी बघू’ म्हणताना पूर्वीइतकी धाकधूक नव्हती.

तिसरी गोष्ट मजेशीर. सेव्हिलजवळच्या दोन मध्यमवयीन स्पॅनिश गायकांचं, ‘लोस देल रिओ’चं, १९९३ मधलं ‘माकारेना’ मायामीच्या क्लबांत वाजत होतं. तिथल्या एका रेडिओ स्टेशनला ते लावायचं होतं, पण इंग्रजी शब्दांशिवाय गाणं लावायचं नाही असा नियम होता. मग १९९५ मध्ये त्यात इंग्रजी कडवी घातलेलं रिमिक्स तयार झालं. पुढच्या वर्षी ते १४ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि हातवाऱ्यांसकट जगभर पसरलं. आपल्याकडच्या गॅदरिंगांतही पोचलं. तुमच्या मावशीला विचारा, हात आपोआप हलतील तिचे. दोन काकांचं हे गाणं लॅटिन अमेरिकेतलंही नव्हतं, पण अमेरिकन बाजारानं सगळं एकाच पिशवीत टाकलं.

*

तेहानो संगीताचं पुढं काय झालं? ते ओसरलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकामागून एक तेहानो रेडिओ स्टेशनांनी आपला बाज बदलला, कंपन्यांनी कलाकार सोडले. सेलेना गेली आणि तेहानो मेलं, असं सांगायला सोपं जातं. पण एका माणसाच्या जाण्यानं एवढा मोठा डोलारा पडत नाही. १९९६ च्या कायद्यानं एका कंपनीनं किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची बंधनं सैल केली. साखळी कंपन्या आल्या. त्यांना पूर्ण देशात चालेल असा एकच ‘रीजनल मेक्सिकन’ फॉरमॅट हवा होता. तोवर टेक्सासमध्ये उत्तर मेक्सिकोतून आलेल्या नव्या लोकांची संख्या वाढली होती, त्यांना नोर्तेन्यो आणि बांदा हवं होतं. इंग्रजी बोलणाऱ्या, चौथ्या पिढीतल्या तेहानो मुलांचं संगीत या दोन्ही गणितांत बसेना. ज्या मधल्या जागेत सेलेना उभी होती, ती जागा बाजारानं काढून टाकली.

१९९७ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. मुख्य भूमिकेत न्यूयॉर्कची, पोर्तो रिकन घरातली जेनिफर लोपेझ. टेक्सासमध्ये कुरकुर झाली: आमच्यातली कोणी मिळाली नाही का? पण सिनेमा चालला आणि दोन वर्षांनी लोपेझचा पहिला, मुख्यतः इंग्रजी अल्बम त्याच १९९९ मध्ये आला, जेव्हा तो ‘स्फोट’ झाला म्हणतात. त्या वर्षीच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर रिकी मार्टिन आहे, लोपेझ आहे, एन्रीके आहे. चेहरे पोर्तो रिको, न्यूयॉर्क, मायामीचे. अ‍ॅकॉर्डियन कुठंच नाही.

कॉर्पस क्रिस्टीच्या समुद्रकाठी १९९७ पासून तिचा पुतळा आहे. आजूबाजूला पांढऱ्या गुलाबांच्या फरशा, ‘कोमो ला फ्लोर’वरून. लोक तिथं एवढं लिहायचे, नावं कोरायचे, की पुढं कुंपण घालावं लागलं. अ‍ॅस्ट्रोडोम अजून उभं आहे, पण गेली अनेक वर्षं बंद. पाडायचं की ठेवायचं यावर ह्यूस्टनमध्ये वाद चालूच असतो. तो व्हिडिओ मात्र रोज कुणीतरी पाहतं. खाली कॉमेंटमध्ये कोणी स्पॅनिशमध्ये लिहितं, कोणी इंग्रजीत, बरेच जण एकाच वाक्यात दोन्हींत.